कोडिंग सहावीपासून, पण बोलणार कोण?

आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या दोन पार्ट्या पडल्या आहेत. एक म्हणते, 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावीपासून कोडिंग लिहिलंय, तर झेडपीच्या शाळेत लगेच सुरू करा, नाहीतर आपली पोट्टी मागे राहतील. दुसरी पार्टी चिडलेली आहे. "बाप्पा, रातच्या बारा वाजता मोटार चालू करायले उठा लागते, अन् हे म्हन्ते कोडिंग!" असा एका काकांचा मेसेज होता, त्याला भरपूर अंगठे मिळाले.

काकांचं चुकत नाही. यूडायस म्हणजे सरकारच्या शाळांच्या नोंदणीतल्या 2023-24 च्या आकड्यांप्रमाणे देशातल्या जेमतेम 57 टक्के शाळांत चालू स्थितीतला संगणक होता. आणि विदर्भाला डिजिटल घोषणांचा अनुभव आहेच. मेळघाटातलं हरिसाल देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं, आणि 2019 च्या लोकसभा प्रचारात त्याच गावाची खरी परिस्थिती काय, यावर सभा रंगल्या.

पण मी राहतो इंग्लंडात, लीड्सला, आणि पहिली पार्टी जे मागतेय ते इथे 2014 सालीच करून झालंय. पाचव्या वर्षापासून प्रत्येक मुलाला कम्प्युटिंग. आधी आयसीटी नावाचा विषय होता, संगणक वापरायला शिकवणारा. तो हलका, कामाचा नाही म्हणून मोडीत काढला. आज इथल्या दहावीच्या तोडीच्या जीसीएसई परीक्षेत कम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांत मुली साधारण पाचात एक. जुन्या आयसीटीला यापेक्षा कितीतरी जास्त मुली बसायच्या. म्हणजे पैसा होता, वीज होती, शिक्षकांसाठी प्रशिक्षण होतं, तरी वर्गाची दारं रुंद करायच्या नादात ती अरुंद झाली. विषय सक्तीचा झाला की सगळे त्यात आले, असं होत नाही.

उलट संगणक नसताना करता येण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते आपल्याकडे आलेलंही आहे. न्यूझीलंडच्या टिम बेल यांनी 1990 च्या दशकात 'सीएस अनप्लग्ड' सुरू केलं: पत्त्यांवर बायनरी (शून्य आणि एकाची मोजणी), पटांगणात आखलेल्या रेषांवरून पळत सॉर्टिंग (क्रम लावणं). लिथुआनियात 2004 साली बेब्रास ही स्पर्धा सुरू झाली, तिच्यात कोड लिहायचाच नसतो, विचार करून कोडी सोडवायची. एसीएम इंडिया या संगणकशास्त्रातल्या लोकांच्या संघटनेचा सीएसपाठशाळा उपक्रम ती भारतात घेतो, मराठीतही. यासाठी विजेची लाइन लागत नाही. चुन्याची फक्की आणि पटांगण पुरतं.

हे झालं शिकण्याचं. माझं दुखणं त्याच्या पुढचं आहे. दोन्ही पार्ट्या धरून चालतात की आपल्या पोरांनी संगणक शिकायचा तो पुण्यात नोकरी लागावी म्हणून. इंटरनेट कसं चालावं हे ठरवणाऱ्यांत आपलं पोट्टं असू शकतं, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

ऑक्टोबर 1986 मध्ये कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठ आणि हाकेच्या अंतरावरची एक प्रयोगशाळा यांच्यातलं नेटवर्क बसलं. सेकंदाला 32 हजार बिट जायचे, ते 40 वर आले. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय काढला: पॅकेट, म्हणजे पाठवलेल्या माहितीचा छोटा तुकडा, हरवलं की समजायचं रस्त्यावर गर्दी आहे, आणि पाठवायचा वेग कमी करायचा. तारेच्या जगात हा अंदाज चोख होता. माझी भाची गच्चीवर उभी राहून एका दांडीच्या सिग्नलवर फॉर्म भरते, तिथे पॅकेट हरवायला गर्दी लागत नाही, वारा पुरतो. मोबाइलवाल्यांनी पुढे त्यावर बरीच मलमपट्टी केली. पण मूळ नियम लिहिला गेला तेव्हा ज्यांची लाइन बसली होती, ते खोलीत होते. (भाचीची तक्रार वेगळीच आहे: "मामा, ओटीपी येते, पन टाइम गेल्यावर येते." ती मुदत मात्र ज्या त्या खात्याने ठरवलेली असते, तिचं खापर इंटरनेटवर फोडता येत नाही.)

त्याच 1986 साली आयईटीएफ सुरू झाली, इंटरनेटचे नियम जिथे लिहिले जातात ती संस्था. तिला सभासद नाहीत. मतदान नाही. बैठकीत कौल घ्यायचा तर अध्यक्ष 'हुंकार द्या' म्हणतात आणि लोक खरोखर हूंऽऽ करतात. शेवटचा निर्णय मात्र ईमेलच्या यादीवरच पक्का होतो, आणि त्या यादीत कोणीही नाव घालू शकतं, अगदी आर्णीतूनही. ऑनलाइन बैठकीची फीसुद्धा मागितली तर माफ होते.

मग आपण तिथे का नाही? इंग्रजी हे एक कारण. दुसरं, तिथे येणाऱ्या बहुतेकांना त्या वेळेचा पगार त्यांची कंपनी देते, मलाही देते. तिसरं मला सगळ्यात जड वाटतं. तिथे काल आलेला पोरगा तीस वर्षं मुरलेल्या माणसाला लिहितो, 'तुमचं चौथं कलम चुकतंय, कारण असं असं.' आणि तो माणूस उत्तर देतो. आमच्या शाळेत सरांना असं म्हटलं की उलट बोलतो म्हणून घरी निरोप जायचा. तसं पानठेल्यावर आमदारालाही न सोडणारी आमची माणसं. पण तेच लिहून, कारणासकट मांडायची वेळ आली की गप्प.

लिहून मागितलं की मिळतं, याचा पुरावा मराठीतच आहे. 'ॲप'मधल्या ॲ ला 2008 पर्यंत युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या यादीत, स्वतंत्र जागा नव्हती. अ वर चंद्र चिकटवून भागवायचो, आणि कुठल्या फोनवर काय दिसेल याचा नेम नसायचा. 5.1 या आवृत्तीत ते अक्षर आलं. युनिकोडकडे असा प्रस्ताव कोणीही पाठवू शकतं.

म्हणून सहावीच्या कोडिंगपेक्षा मला अमरावती-यवतमाळकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांकडून जास्त आशा आहे, तिथला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत आणायचा धंदा थांबला तर. चार पोरांनी आर्णी-यवतमाळ एसटीत फोन घेऊन महिनाभर नुसतं मोजावं: कुठे नेटवर्क सुटतं, परत जोडायला किती वेळ जातो, 2021 साली प्रमाण झालेला क्विक हा माहिती पोचवायचा नवा नियम टीसीपीपेक्षा (जेकबसन यांचा उपाय ज्यात बसला तो जुना नियम) कुठे टिकतो आणि कुठे तोही हात टेकतो. जिथे इंटरनेट धड पोचत नाही त्या जागांचा विचार करायला 'गाया' नावाचा एक संशोधन गट आयईटीएफच्या जोडीला चालणाऱ्या संशोधन संस्थेत आहे. त्यातून 2016 साली लोकांनी आपापल्या बळावर उभारलेल्या नेटवर्कांवर एक दस्तऐवज निघाला. अशा ठिकाणी एसटीतली ती मोजणी कोणी हसण्यावारी नेणार नाही. इंग्रजी सुधारून द्यायला मी आहे, माझ्यासारखे इथे अजूनही आहेत. ग्रुपवर नंबर आहेच.