खरूज रक्तात नसते, आणि एकट्याची तर नसतेच

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज तीनदा आला. मजकूर साधारण असा: खरूज रक्तातल्या उष्णतेने होते आणि अस्वच्छ राहणाऱ्यांनाच होते. सात दिवस कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ करा, गोड बंद करा. औषध लावायचंच तर ज्याला खाज आहे त्यालाच लावा आणि खाज थांबली की सोडून द्या. यातलं बरंचसं आमच्या घरी करून झालंय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

‘रक्तातली उष्णता.’ नाही. खरूज एका किड्यामुळे होते. त्याची मादी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते. कातडीच्या अगदी वरच्या थरात ती बोगदा करत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. १६८७ सालीच इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हा किडा पाहून त्याचं वर्णन केलं होतं. भाच्याला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या मनगटावर पेनाची शाई चोळली आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढली. सगळी शाई गेली, पण नखाएवढी एक वाकडीतिकडी निळी रेघ तेवढी राहिली. शाई बोगद्यात उतरली होती. गोड खाण्याचा या रेघेशी काही संबंध नाही, आणि आत बसलेली मादी कडुलिंबाच्या आंघोळीने निघत नाही.

‘अस्वच्छ लोकांना होते.’ साध्या खरजेत अंगावर किडे असतात जेमतेम दहा-पंधरा, आणि ते साबणाने धुऊन जात नाहीत. ते पसरतात कातडीला कातडी बराच वेळ लागून राहिली की. एका अंथरुणात झोपणं, लहानग्याला कडेवर घेऊन फिरणं, एवढं पुरतं. भाचा गणपतीच्या सुट्टीत वसतिगृहातून आला आणि खाली गाद्या टाकून सगळी पोरं एका ओळीत झोपली. घर लख्ख होतं.

‘ज्याला खाज त्यालाच औषध.’ सगळ्यांत जास्त नुकसान या वाक्याने होतं. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर तो दुसऱ्यांना देत असतो. आम्ही एकट्या भाच्याला मलम लावलं. पितृपक्ष संपता संपता आई रात्रभर बोटांची बेचकी खाजवायला लागली, मग धाकटी भाची. म्हणून खाज असो-नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री औषध घ्यायचं.

डॉक्टर बहुधा परमेथ्रिनचं ५ टक्के मलम देतात. ते मानेपासून तळपायापर्यंत सगळीकडे लावायचं. बोटांची बेचकी, नखांखाली, बेंबी, काखा, जांघा, काहीही सोडायचं नाही. रात्रभर ठेवायचं, मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. तान्ह्या बाळांना डोक्यालाही लावावं लागतं, पण ते डॉक्टरांना विचारूनच. खरजेवर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही असतात, पण त्या गरोदर बाईला आणि १५ किलोखालच्या मुलाला देत नाहीत, त्यामुळे घरात कुणाच्या उरलेल्या असतील तर वाटू नका. गेल्या तीन दिवसांतले कपडे, चादरी, टॉवेल कडक पाण्यात धुवा. गोधड्या धुता येत नसतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस ठेवा, अंगाबाहेर किडा एरवी दोन-तीन दिवसच जगतो. घरात कीटकनाशक फवारू नका.

‘खाज थांबली की सोडून द्या.’ उलट आहे. किडे मेल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, कारण त्यांचे अवशेष कातडीत असतात. ती खाज बघून काहीजण रोज मलम चोळतात आणि कातडी जाळून घेतात. मलमाचा दुसरा हात लावायचा तो डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी, साधारण आठवड्याने, मग खाज असो वा नसो. अंडी फुटून निघालेले किडे त्यात मरतात. महिन्यानंतरही नवे फोड येत राहिले तर परत दाखवा.

मेसेजमध्ये नाही, पण सांगायलाच हवं. मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणू नका. त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. खाज दबते, पुरळ ओळखू येत नाही आणि किडे वाढत राहतात. फोडांत पू झाला तर थांबू नका. तो जंतुसंसर्ग कधी कधी मूत्रपिंडावर जातो. मुलाचा चेहरा सुजला किंवा लघवी लालसर झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

भाचा वसतिगृहात परतल्यावर आठवड्याभरात पुन्हा खाजवायला लागला. ताईने तिथे काहीच कळवलं नव्हतं. लोक आपल्याला घाणेरडं म्हणतील, ही भीती. शेवटी मीच फोन केला. अधीक्षकांनी त्याच संध्याकाळी खोलीतल्या मुलांचे हात पाहिले. आणखी चौघांच्या बेचक्यांत फोड निघाले, आणि त्यांच्यापैकी एकानेही तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.