‘दोन मिनिटांच्या कामाला दोन दिवस’: एका स्टारच्या रिव्ह्यूला गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही लिहिलंय की गाडी बंद पडली होती तरी सेल्फ व्यवस्थित फिरत होता, स्कॅनर लावला की दोन मिनिटांत दोष कळतो, तरी आम्ही गाडी दोन दिवस ठेवली. आधी टाकीतला पेट्रोलचा पंप गेला असं सांगितलं, मग सेन्सर, आणि वर चेकिंगचे ८०० रुपये लावले.

आधी आमची चूक. रविवारी तुम्ही यवतेश्वरच्या घाटातून फोन केलात तेव्हा पोराने गाडी न बघताच ‘पंप गेला असेल’ असं सांगितलं. तसं बोलायला नको होतं. चेकिंगचा चार्जही आधी सांगायला हवा होता. हे दोन्ही मान्य.

आता दोन दिवस का लागले ते. कासच्या गर्दीत रांगेत तापून बंद पडलेली गाडी टोचन लावून खाली येईपर्यंत थंड झाली होती. आमच्या दारात पहिल्या सेल्फला चालू झाली, तुम्ही स्वतः बघितलंत. स्कॅनरमध्ये दोषाचा एकही कोड नव्हता. चालू गाडीत काय शोधायचं? त्या दिवशी ‘काही नाही, घेऊन जा’ म्हणालो असतो, तर पुढच्या चढाला तुम्ही परत तिथेच उभे राहिला असता.

सोमवारी पेट्रोलचं प्रेशर मोजणारं गेज लावून, एसी चालू ठेवून गाडी जागेवर तापवत ठेवली. पाऊण तासाने बंद पडली. सेल्फ मारला, इंजिन गरगर फिरतंय पण पकडत नाही. चावी फिरवल्यावर मागच्या सीटखाली पंपाची दोन सेकंद घूं ऐकू येत होती आणि प्रेशर जागेवर होतं, म्हणजे पंपात दोष नव्हता. प्लगला करंट नाही, इंजेक्टरलाही सिग्नल नाही. दोन्ही एकदम गेले की माझी नजर क्रँक सेन्सरवर जाते. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला तोच सांगतो. त्याने सांगितलं नाही तर ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. सेल्फ फिरत असताना स्कॅनरवर आरपीएम शून्य. आतली बारीक तार तापल्यावर सुटते आणि गार झाली की परत चिकटते, म्हणून हा सेन्सर भल्याभल्यांना फिरवतो.

तरी लगेच बदलला नाही. ओलं फडकं त्याच्यावर धरलं, पाच मिनिटांनी सेल्फ मारला, गाडी चालू. परत तापवली, परत बंद. मीटर लावला तर गरम असताना सर्किट तुटलेलं, गार झाल्यावर रीडिंग हजर. मगच पुण्याहून पार्ट मागवला. तो मंगळवारी दुपारी आला, बसवायला वीस मिनिटं लागली. नंतर दोनदा यवतेश्वर चढून आलो, त्या पेट्रोलचे पैसे बिलात नाहीत.

नुसता पंप बदलून गाडी हातात दिली असती, तर बिल कितीतरी मोठं झालं असतं आणि गाडी तापली की बंदच पडली असती. ८०० रुपये त्या शोधण्याचे आहेत. पण आधी सांगितले नव्हते, म्हणून त्यातले ४०० परत देतो, बिल घेऊन या. जुना सेन्सर तुमच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलाय. हवा असेल तर तापवून, मीटर लावून दाखवतो. दुपारी दीड ते तीन जेवणाची सुट्टी असते, तेवढं सोडून कधीही या.