आईबाबांच्या हातातला फोन काढून घेऊ नका

नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. थोडक्यात असा: 'साठीच्या पुढच्या आईवडिलांना स्मार्टफोन देऊ नका. या वयात त्यांना नवीन काही शिकता येत नाही, फसवणूक मात्र हमखास होते. साधा बटणांचा फोन द्या, बँकेचे व्यवहार स्वतःकडे घ्या, पिन तुमच्याकडे ठेवा. तसंही त्यांना गरज काय?' पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे. पण सल्ला चुकीचा आहे, आणि पिनचा भाग तर धोक्याचा. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी दर गुरुवारी मोबाइल शिकवते, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

'या वयात शिकता येत नाही.'

वेळ जास्त लागतो, हे खरं. शिकता येत नाही, हे खोटं. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेत डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० ते ९० वयाच्या लोकांना तीन महिने, आठवड्याला साधारण १५ तास, नवीन काहीतरी शिकायला बसवलं. काहींना गोधडीकाम, काहींना डिजिटल फोटोग्राफी आणि कॉम्प्युटरवर फोटो सुधारणं. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले. नुसतं एकत्र जमून वेळ घालवणाऱ्या गटापेक्षा या शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती जास्त सुधारली होती.

मग आपल्या घरात अडतं कुठे? काकू नवा फोन घेऊन वर्गात येतात. चिन्हावर बोट ठेवतात, दाबतात आणि दाबूनच धरतात, कारण दाराची बेल, मिक्सर, रिमोट, सगळं जन्मभर असंच दाबलेलं असतं. फोनला वाटतं, यांना काही वेगळंच हवंय. तो ॲप उघडायचं सोडून भलताच मेनू पुढे करतो. त्यात वयानुसार बोटांची कातडी कोरडी झालेली, त्यामुळे कधी कधी स्पर्श लागतच नाही, मग त्या आणखी जोर लावतात. दोनदा असं झालं की हात मागे: "मी काहीतरी बिघडवलं गं." यात बुद्धीचा काय संबंध? सेटिंगमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत दाबून धरण्याचा वेळ वाढवायचा, अक्षरं मोठी करायची, भाषा मराठी करायची. आणि सांगायचं, तवा तापलाय का बघायला बोट लावता ना, तसं. टेकवलं की उचललं. हे एकदा बोटाला कळलं की चेहरा बदलतो, मी पाहिलंय.

दुसरं अडतं ते आपल्यामुळे. "आण इकडे" म्हणत मुलगा फोन ओढतो, अंगठा भराभर फिरवतो, "हे बघ, झालं." आईला फक्त त्याचा अंगठा दिसलेला असतो. आमच्या वर्गात म्हणून एक नियम आहे: शिकवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही. शिकणाऱ्याने आपल्या वहीत आपल्या शब्दांत लिहायचं, 'हिरवा गोल', 'खालचा बाण'. (पिन तेवढा वहीत लिहायचा नाही.) पैसे पाठवायला शिकताना घरच्याच कुणाला रोज एक रुपया पाठवायचा. महिनाभरात तीस रुपये जातात आणि भीती जाते.

'साधा फोन सुरक्षित.'

ओटीपी साध्या फोनवरही एसएमएसनेच येतो आणि तो विचारणारा माणूसही साधा फोनच करतो. खोटे पोलीस बनून फोनवरच 'अटक' केल्याचं भासवायचं आणि पैसे उकळायचे, त्या डिजिटल अरेस्टची सुरुवातही ('तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय') अनेकदा साध्या कॉलनेच होते. त्यात डॉक्टर, उद्योजक, वर्षानुवर्षं स्मार्टफोन वापरणारे लोकसुद्धा अडकले आहेत. वाचवते ती माहिती. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट असं काही नाही. पैसे मिळवायला यूपीआय पिन लागत नाही, पाठवायलाच लागतो. अनोळखी माणसाने सांगितलेलं ॲप घ्यायचं नाही. ही तीन वाक्यं आम्ही दर गुरुवारी मोठ्याने म्हणतो.

या मेसेजचा खरा अपाय मात्र वेगळाच आहे, आणि त्याने मला झोप येत नाही. वर्गातल्या एका काकांचे साडेअकरा हजार गेले. त्यांनी आठ दिवस कुणालाच सांगितलं नाही. का? "मुलगा फोन काढून घेईल." फसवणूक कळल्याबरोबर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला आणि बँकेला कळवलं, तर पुढे सरकलेले पैसे गोठवले जाण्याची शक्यता असते. इथे प्रत्येक तास मोलाचा आणि काकांचे आठ दिवस आपल्याच धाकात गेले. फोन काढून घेण्याची धमकी चोराच्या पथ्यावर पडते. घरात आधीच सांगून ठेवा: काहीही झालं तरी आम्हाला लगेच सांगा, कुणी रागावणार नाही. आणि खरंच रागावू नका.

'पिन तुमच्याकडे ठेवा.'

पिन कुणालाही सांगायचा नाही, हे शिकवायचं आणि पहिला अपवाद आपणच करायचा? रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक सांगतं की ग्राहकाने अशी माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचाच. शिवाय घरातल्याच माणसांनी पेन्शन परस्पर काढल्याची दुःखं मी ऐकली आहेत. काळजी वाटत असेल तर वेगळं खातं उघडा, त्यात चार-पाच हजार ठेवा आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडा. पेन्शनचं खातं बाजूला राहील.

'त्यांना गरज काय?'

दर नोव्हेंबरमध्ये बँकेत हयातीच्या दाखल्याची रांग बघा. हा दाखला आधारच्या आधारे डिजिटल देण्याची 'जीवन प्रमाण' ही सोय २०१४ पासून आहे, पण झिजलेल्या बोटांचे ठसे मशीनवर उमटेनात. नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, घरबसल्या. माझ्या आईने गेल्या वर्षी तो स्वतः दिला. पहिल्यांदा उजेड मागून येत होता, दुसऱ्यांदा चष्म्यावर चमक आली. तिसऱ्यांदा ती चष्मा काढून खिडकीकडे तोंड करून बसली, सांगितल्यावर डोळे मिचकावले आणि झालं. मी शेजारी होते, हात मांडीवर ठेवून. मग तिने खालच्या मजल्यावरच्या मावशींना फोन लावला: "वर या, तुमचा पण करून टाकू. आधार कार्ड आणा."