खणाची ओटी

आमच्या निजायच्या खोलीतले सागवानी ड्रेसिंग टेबल सासऱ्यांनी लग्नात दिलेले असून त्याला तीन खण आहेत. त्यांपैकी मधला खण दरवर्षी मृग नक्षत्र लागले की मौन धरतो आणि दसऱ्याच्या सुमारास, आम्हाला त्याची काही गरज उरलेली नसताना, आपणहून बोलू लागतो. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मिठाला पाणी सुटते, तळलेला पापड ताटात येईपर्यंत मऊ पडतो, तेव्हा लाकडाने फुगून बसावे यात नवल नाही. अडचण एवढीच, की यंदा तो फुगला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींची नथ त्याच्या पोटात होती आणि भाचीची मंगळागौर दुसऱ्या दिवसावर आली होती.

"अहो, जरा ओढून बघता का?" या हाकेसरशी मी उठलो आणि उजवी मूठ धरून जोर लावला. रुंद पण मागच्या बाजूला फारसा लांब नसलेला खण एकाच बाजूने ओढला की तो तिरका होतो आणि दोन्ही कोपऱ्यांवर पाचर मारल्यासारखा घट्ट बसतो, हे ज्ञान मला पुढे यथावकाश झाले. त्या क्षणी एवढेच कळले, की मूठ माझ्या हातात आहे, मी पलंगावर आहे आणि खण जागच्या जागी आहे.

मग फटीतून खोबरेल तेल सोडले. सांधे धरलेल्या माणसाला जे चालते ते खणालाही चालेल असा माझा हिशेब होता, परंतु लाकडाने ते तेल पिऊन टाकले आणि फटीत साचलेल्या पावडरीचा मात्र उत्तम लगदा झाला. "आता त्याची ओटी भरा म्हणजे प्रसन्न होईल," असे सौभाग्यवती म्हणाल्या. खणाची ओटी खणानेच भरावी लागणार, हा विनोद मला सुचला होता. वेळ पाहून मी तो गिळला.

वरचा खण काढून तिथून हात घालता आला असता, पण त्या खणाचा इतिहास मी घरात कुणाला सविस्तर सांगितलेला नाही. दोन वर्षांपूर्वी तो असाच अडला असता भर आषाढात मी त्याच्या कडांवरून रंधा फिरवला होता, आणि त्या पावसाळ्यात तो लोण्यासारखा सरकत असल्याने माझी थोडी वाहवाही झाली होती. वैशाखात लाकूड सुकले, तेव्हा तो खण इतका सैल झाला की उघडताच मान टाकून कंगव्यांसकट पायावर येई. त्यावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंना लग्नपत्रिकांच्या घड्या सारल्या होत्या. त्या पत्रिका आता पावसाने फुगल्यामुळे तोही खण बंद होता.

शेवटी मेस्त्रींना बोलावले. त्यांनी खणापेक्षा माझ्याकडे जास्त वेळ पाहिले. मग एकमेव शहाणा असा खालचा खण त्यांनी पूर्ण बाहेर काढला, त्या पोकळीतून कोपरापर्यंत हात घातला आणि मधल्या खणाच्या पाठीवर आतून तळहाताने एक थाप दिली. खण अर्धा इंच पुढे आला आणि पुन्हा थांबला. त्या फटीतून स्टीलची फूटपट्टी घालून त्यांनी चाचपले, तेव्हा केस विंचरायचा गोल ब्रश आत उभा राहून वरच्या पट्टीला डोके टेकून बसलेला आढळला. पट्टीने त्याचे डोके खाली दाबताच खण बाहेर आला. नथ कोपऱ्यात, कापसात होती.

"साहेब, लाकूड लांबीत वाढत नाही, रुंदीत वाढतं," मेस्त्री म्हणाले. "ही ८ इंचांची दर्शनी फळी पावसात २ मिलिमीटर सहज वर येते. साग म्हणून एवढ्यावर भागलं. आता रंधा मारू नका." शेवटचे वाक्य त्यांनी वरच्या खणाकडे पाहत उच्चारले. तेलाचा लगदा खरवडून त्यांनी खालच्या कडांवर मेणबत्ती घासली, आणि दिवाळीनंतर लाकूड सुकले की कुठे घासते आहे ते खडूने पाहून, तेवढीच जागा पॉलिश पेपरने घासू, असे ठरवून ते गेले. तोपर्यंत खण सुकवायचा होता. त्यांच्या सांगण्यावरून माळ्यावरचा ६० वॅटचा जुना पिवळा दिवा शोधला, कारण हल्लीच्या एलईडीला ऊब अशी नसतेच, आणि रिकामा खण पलंगावर ठेवून, दिवा लाकडाला टेकणार नाही असा वर टांगून, आम्ही दिवाणखान्यात पथारी पसरली.

तिसऱ्या रात्री शेजारच्या काकू साखर मागायला आल्या. खिडकीतून अहोरात्र दिसणारा तो पिवळा उजेड, दार लोटून घेतलेली खोली आणि बाहेर झोपलेले यजमान एवढे पाहून त्यांनी आवाज खाली आणत विचारले, "सूनबाई बाळंतपणाला आली की काय? शेक-शेगडी चाललेली दिसते." आमच्या मुलाचे अजून लग्न ठरायचे आहे. सौभाग्यवतींनी साखरेची वाटी त्यांच्या हाती दिली आणि खुलासा करण्यासाठी माझ्याकडे बोट दाखवले.