आकडा वाईट आला म्हणून उपचार थांबवू नका

"एआय आता एका सीटी स्कॅनवरून सांगतं, पक्षाघाताचा रुग्ण पुन्हा चालू लागेल की नाही. उत्तर नाही आलं, तर उगाच धावपळ करू नका." हा मजकूर सध्या मोबाइलवरून फिरतोय. त्यातलं पहिलं वाक्य अर्धवट खरं आहे, दुसरं जीवघेणं.

आधी 'एका स्कॅनवरून'. झटक्यानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत साधा सीटी बऱ्याचदा जवळजवळ नॉर्मल दिसतो. रक्तस्राव नाही ना, हे त्यावरून कळतं. धमनीत अडकलेल्या रक्ताच्या गुठळीने झालेल्या नुकसानाच्या खुणा मात्र फार पुसट असतात: करड्या आणि पांढऱ्या भागामधली सीमारेषा विरते, मेंदूच्या घड्यांमधल्या खाचा बुजल्यासारख्या दिसतात. हे मोजायला २००० सालापासून 'ॲस्पेक्ट्स' स्कोअर आहे. मेंदूच्या मधल्या मुख्य धमनीच्या क्षेत्राचे १० भाग करायचे आणि बिघडलेल्या प्रत्येक भागामागे १० मधून एक गुण वजा करायचा; स्कोअर कमी म्हणजे नुकसान जास्त. सॉफ्टवेअर हे चटकन करतं. मध्यरात्री एकट्या डॉक्टरला हा मोठाच आधार आहे.

'चालू लागेल की नाही' हे साधारणपणे ९० दिवसांनी, रुग्ण किती स्वावलंबी आहे हे मोजणाऱ्या ० ते ६ च्या रँकिन स्केलवर पाहतात. मधल्या काळात धमनी किती लवकर मोकळी झाली, न्यूमोनिया झाला का, फिजिओथेरपी मिळाली का, यावर बरंच अवलंबून असतं. पहिल्या स्कॅनमध्ये यातलं काहीच नसतं.

खरा घोटाळा 'धावपळ करू नका'मध्ये आहे. रुग्णाची स्थिती वाईट आहे म्हणजे उपचाराचा उपयोग नाही, असं होत नाही. ज्यांच्या मेंदूचा मोठा भाग आधीच गेलाय, अशांची गुठळी काढण्यात अर्थ नाही असं कित्येक वर्षं धरलं जाई. २०२२ साली जपानी संशोधकांनी नेमके असेच, ३ ते ५ ॲस्पेक्ट्स स्कोअरचे रुग्ण घेतले. धमनीत नळी घालून गुठळी ओढून काढलेल्यांपैकी ३१ टक्के लोक ९० दिवसांनी आधाराशिवाय चालण्याइतके सावरले होते. फक्त औषधोपचार झालेल्यांत हे प्रमाण १२.७ टक्के होतं. मेंदूतला रक्तस्राव गुठळी काढलेल्यांत जास्त झाला, हेही सांगायला हवं. तरीही फायद्याचं पारडं जड राहिलं आणि २०२३ च्या आणखी दोन चाचण्यांतही तेच दिसलं. आता विचार करा, अशा रुग्णांवर हा उपचार होतच नव्हता त्या काळातल्या नोंदींवर शिकलेलं एआय मॉडेल त्यांच्याबद्दल काय सांगणार? 'आशा नाही', एवढंच.

उलट स्कॅनच्या बारकाईने लोक वाचलेत. २०१८ पर्यंत गुठळी काढायला साधारण सहा तासांची मर्यादा मानत. मेंदूचा वाचण्याजोगा भाग स्कॅनवर शोधून निवडक रुग्णांसाठी ती २४ तासांपर्यंत नेता आली.

मोठी धमनी बंद असताना दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, त्यामुळे धावपळ करावीच लागते. आणि कुणी एआयच्या अंदाजाचा असा आकडा समोर ठेवलाच, तर तिथल्या तिथे विचारा: हा गुठळी काढल्यानंतरचा अंदाज आहे की न काढल्यास?