‘दोन स्पर्धांत व्हॉलंटियर झालं की सगळं येतं’ : क्रीडा व्यवस्थापनाच्या पदवीवरच्या आक्षेपांना उत्तर

बारावीचा निकाल जवळ आला की पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: क्रीडा, मनोरंजन आणि इव्हेंट मॅनेजमेंटची पदवी म्हणजे पैसे पाण्यात. दोन स्पर्धांत व्हॉलंटियर झालं की सगळं येतं. गणपतीत मंडळ सांभाळणाऱ्या पोराला गर्दीचं काय शिकवणार? अभ्यासात दम नाही, आणि नोकरी लागली तर आयपीएलमध्ये, तीही दोन महिने. मुलांच्या तीन-चार वर्षांचा प्रश्न आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी व्हॉलंटियरचा. पुण्यात १९८३ पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन होते. पाण्याच्या टेबलामागे उभ्या असलेल्या मुलाला बाटल्या दिसतात, धावणारे दिसतात. ४२.१९५ किलोमीटर मोजले कसे, हे तिथून कळत नाही. गाडीच्या मीटरवर किंवा मोबाईलवर मोजलेला मार्ग मान्य होत नाही. सायकलच्या चाकाला काउंटर लावतात. पोलादी टेपने मोजलेल्या किमान ३०० मीटरच्या सरळ पट्ट्यावर ती सायकल मोजणीआधी चार वेळा आणि मोजणीनंतर पुन्हा चार वेळा चालवतात, कारण ऊन चढलं की टायर फुगतो आणि आकडा बदलतो. वळणावर मोजणीची रेषा कडेच्या दगडापासून ३० सेंटीमीटरवर धरतात, म्हणजे धावपटूला घेता येईल तो सर्वांत जवळचा रस्ता. मार्ग चुकून कमी भरू नये म्हणून वर हजारात एक एवढी भर घालतात. पूर्ण मॅरेथॉनला ती साधारण ४२ मीटर होते. आता स्पर्धेच्या पहाटे टेम्पो आडवा उभा आहे म्हणून कुणी परत फिरायच्या जागेचा ट्रॅफिक कोन १२ मीटर अलीकडे ठेवला, तर मार्ग २४ मीटरने घटतो. अशा दोन जागा सरकल्या की भर संपली, मार्ग कमी भरला आणि सगळ्यांच्या वेळा वाया गेल्या. कोन सरकवणाऱ्याला आपण काय केलं याचा पत्ताही नसतो. पदवीत शिकायचं ते हेच: कोन कुठे आहे हे नकाशावर खांबाच्या क्रमांकासकट लिहून ठेवायचं, आणि सुरुवातीच्या अर्धा तास आधी माणूस पाठवून तपासायचं.

मंडळाचा मुद्दा आम्ही हलक्यात घेत नाही. लक्ष्मी रोडवर विसर्जनाच्या रात्री दोर धरणाऱ्या कार्यकर्त्याला गर्दीचा अंदाज असतो, तो पुस्तकातून येत नाही. पण तो अंदाज त्याच्या गल्लीचा असतो, आणि मार्ग, बॅरिकेड, वेळा पोलिसांनी आधी ठरवलेल्या असतात. तोच मुलगा नव्या मैदानावर ५००० प्रेक्षकांची फायनल घेतो तेव्हा हिशेब त्यालाच करावा लागतो. ब्रिटनच्या स्टेडियम-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेतला आकडा घ्या: सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं जातात, जिन्यावरून ६६. सगळे आठ मिनिटांत बाहेर पडायला हवेत. दीड मीटरची सहा दारं असतील तर एकूण नऊ मीटर, मिनिटाला ७३८ माणसं, म्हणजे सातेक मिनिटं. जमलं. एका दारासमोर वडापावचा स्टॉल लागला, की पाच दारं, मिनिटाला ६१५, आणि वेळ आठच्या पुढे. सहाही दारं उघडी पण बाहेर पायऱ्या, तरी आठच्या पुढेच. म्हणून स्टॉलची जागा ठरवणं हे केटरिंगवाल्याचं काम नाही. आत येण्याचा हिशेब चुकला तर काय होतं ते ४ जून २०२५ ला बंगळुरूत दिसलं. चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांजवळ चेंगराचेंगरीत ११ जण गेले.

मंडळाची आणखी एक सवय इथे घात करते: रात्री उशिरापर्यंत माइक. सणांसाठी लाउडस्पीकरला रात्री १० ते १२ ची सवलत राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस देऊ शकतं. तुमची फायनल त्या दिवसांत बसत नाही. सामने लांबले तरी उघड्या मैदानावरचा माइक १० ला बंद.

‘अभ्यासात दम नाही’ म्हणणाऱ्यांनी मनोरंजनाचा, म्हणजे क्लब, तलाव चालवण्याचा भाग बघितलेला नसतो. सोसायटीचा किंवा क्लबचा तरणतलाव घ्या. मे महिन्यात डोळे चुरचुरतात, वास येतो, सभासद ओरडतात ‘क्लोरीन जास्त झालंय’, आणि व्यवस्थापक क्लोरीन कमी करतो. बहुतेक वेळा हे उलटं असतं. तो वास घाम-लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा. जंतू मारणारं मोकळं क्लोरीन कमी पडलेलं असतं. शिवाय पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे तो आकडा) ७.५ ला क्लोरीनचा साधारण निम्मा भाग कामाचा असतो, ८ ला जेमतेम पाव. म्हणून आधी पीएच ७.२ ते ७.८ मध्ये आणायचा, मग क्लोरीन बघायचं, आणि दोन्ही आकडे वेळेसकट वहीत लिहायचे. हे रोजचं काम आहे, आणि त्यावर पोरांच्या तब्येती अवलंबून असतात.

नोकरीचं म्हणाल तर बालेवाडीच्या क्रीडा संकुलाकडे बघा. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धा, २००८ चे राष्ट्रकुल युवा खेळ, २०१३ ची आशियाई ॲथलेटिक्स. प्रत्येक स्पर्धा काही दिवसांची, संकुल मात्र बारा महिने चालवावं लागतं. डेक्कन जिमखाना आणि पीवायसीसारखे क्लब, शाळा, टर्फ, सोसायट्यांची क्लबहाऊस, धावण्याच्या स्पर्धांत चिप टायमिंग (धावपटूला लावलेल्या चिपवरून वेळ नोंदणं) करणाऱ्या कंपन्या, सगळीकडे हेच काम आहे. पगार सुरुवातीला बेताचाच, आणि शनिवार-रविवार कामाचे. हे मुलाला आधीच सांगा.

मेसेजात एक गोष्ट खरी आहे: नुसते स्लाईड दाखवणारे कोर्सही आहेत. म्हणून प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन विचारा. इंटर्नशिप किती आठवड्यांची, आणि मागच्या बॅचने तिथे नेमकं काय केलं? १२० प्रवेशिका, चार कोर्ट, सामन्याला अर्धा तास, असं वेळापत्रक वर्गात करून घेता का? (हरला तो बाद, म्हणून ११९ सामने, तासाला आठ, म्हणजे पंधरा तास, एका दिवसात बसवणाऱ्याला तिथेच थांबवायला हवं.) स्पर्धेचं बजेट, विमा, कंत्राट कोण शिकवतं, आणि त्यांनी स्वतः स्पर्धा घेतली आहे का? शेवटी विद्यार्थ्यांनी लिहिलेला एखादा अपघात-अहवाल बघायला मागा.