चौकीदार फुकटात हवा

आमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला तो चिऊच्या लग्नापायी.

चिऊ म्हणजे माझी पुतणी. २००९चा पितृपंधरवडा संपला आणि दादानं जाहीर केलं, यंदा तुळशीचं लग्न झालं की हिचं उरकायचं. बायोडाटा टाइप करायचं काम माझ्याकडं आलं, कारण घरातला एकुलता एक कॉम्प्युटर माझ्या खोलीत होता. 'गोरी' आणि 'गहूवर्णी' यांच्या मध्ये नेमकं कुठं थांबायचं, यावर वहिनींनी तीन संध्याकाळी घेतल्या. 'स्वयंपाकाची आवड' हे शब्द चिऊनं दोनदा काढून टाकले आणि आईनं दोनदा परत घालायला लावले. शेवटी जे काही ठरलं ते फोटोंसकट एका फोल्डरात टाकून मी त्याला नाव दिलं, 'चिऊ फायनल फायनल २'.

घरी प्रिंटर नव्हता. म्हणून २ जीबीचा पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात घालून राजवाड्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. पूर्वी एसटी स्टँडवरच्या पाणपोईला साखळीनं बांधलेला पेला असायचा ना, आल्यागेल्या प्रत्येकानं तोंडाला लावलेला? त्या दुकानातल्या कॉम्प्युटरचं भोक हे तसं होतं. माझ्या आधी एका मुलाचा प्रोजेक्ट, एकाचा सातबारा आणि एका मंडळाची वर्गणीची पावती त्यात जाऊन आली होती. मीही पेला तोंडाला लावला.

घरी येऊन पेन ड्राइव्ह जोडला आणि फोल्डरवर दोनदा क्लिक केलं. उघडेना. मी चारदा केलं. तरी उघडेना. आमच्या घरात टीव्हीपासून गिझरपर्यंत सगळी यंत्रं पाचव्या प्रयत्नाला चालतात, त्यामुळं मी चिकाटी सोडली नाही.

दोन दिवसांनी कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घेऊ लागला की बटण दाबून मी अंघोळीला जायचो. कराडला इंजिनिअरिंगला असलेला भाचा, पिंट्या, रविवारी आला होता. त्यानं कंट्रोल, आल्ट, डिलीट अशी तीन बटणं एकदम दाबली. चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणारा टास्क मॅनेजर उघडण्याऐवजी खिडकी आली, की ते ॲडमिनिस्ट्रेटरनं बंद केलं आहे.

"मामा, ॲडमिनिस्ट्रेटर कोण?"

"मीच की."

"मग तुम्ही बंद केलंय?"

माझ्याच घरात माझ्याच नावानं कुणीतरी फतवे काढत होतं. पिंट्यानं फोल्डरांची यादी तपशिलासकट उघडली आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. जिथं 'फाइल फोल्डर' लिहिलेलं असायला हवं, तिथं 'ॲप्लिकेशन' लिहिलं होतं. मग त्यानं सगळी मेख सांगितली. हा व्हायरस तुमचं खरं फोल्डर लपवून ठेवतो आणि स्वतः त्याच नावानं, तोच पिवळा रंग लावून, त्याच्या जागी येऊन बसतो. नावाच्या शेवटचं 'ईएक्सई' हे शेपूट दिसलं तर माणूस ओळखेल, पण विंडोज एक्सपी ते शेपूट आपणहून झाकून ठेवते. थोडक्यात, मुंडावळ्या बांधून घोड्यावर भलताच बसलाय आणि आपण वरात वाजवतोय.

"आणि तो आपोआप नाही आला आत," पिंट्या म्हणाला. "फोल्डर समजून क्लिक केलं की तो चालू होतो. कुणी केलं होतं क्लिक?"

"एकदाच," मी म्हणालो.

पिंट्याचं म्हणणं सरळ होतं. क्विक हील विकत घ्या, विषय संपला. ते नाव ऐकून माझी छाती फुगली, कारण ही कंपनी काढणारे काटकर बंधू मूळचे आपल्या सातारा जिल्ह्यातले. थोरल्यानं पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, धाकट्यानं १९९०च्या दशकात व्हायरस मारणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि त्यातून एवढी मोठी कंपनी उभी राहिली. ही कथा मी ऑफिसात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. पण खिशात हात घालायची वेळ आली की माझा जिल्हाभिमान जरा दम खातो. दहा मिनिटं अभिमान वाटून झाल्यावर मी विचारलं, "फुकटातलं काय आहे?"

यानंतरचे तीन आठवडे मी जे केलं, तेवढ्या वेळात माणूस साताऱ्याहून पुण्याला चालत जाऊन विकतचं घेऊन परत आला असता.

आधी ऑफिसात विचारलं. नऊ माणसांनी अकरा नावं सांगितली. गुडघेदुखीनंतर इतके सल्ले मला याच विषयावर मिळालेत. हेडक्लार्कांचं मत होतं की अँटिव्हायरसवालेच व्हायरस सोडतात, "नाहीतर यांचं पोट कसं चालणार?" आमच्या साहेबांनी कॅस्परस्की ही रशियन चीज पैसे मोजून घेतली होती. तिचं प्रात्यक्षिक बघायला मी त्यांच्या घरी गेलो. त्या काळी कॅस्परस्कीला व्हायरस सापडला की ती डुकरासारखी किंचाळायची. डुकरासारखी म्हणजे अगदी मान कापत असल्यासारखी. साहेबांच्या घरी चातुर्मास चालू होता, कांदा-लसूणसुद्धा बंद. मी माझा पेन ड्राइव्ह जोडला मात्र, आणि देवघराच्या भिंतीपलीकडून ती आर्त किंकाळी उठली. बाईसाहेब हातातलं निरांजन घेऊन धावत आल्या. साहेब म्हणाले, "काही नाही, यांचं डुक्कर आहे." त्या घरी मला पुन्हा बोलावणं आलं नाही.

मग मी इंटरनेटवर शोधायला बसलो. बसलो म्हणजे उठलो. आमच्या ब्रॉडबँडच्या योजनेत महिन्याचं माप ठरलेलं होतं. फक्त रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड मोजत नसत. पन्नास-साठ एमबीच्या फायली उतरवायच्या म्हणून मी पावणेदोनचा गजर लावायचो. आईला वाटलं मी काकड आरती सुरू केली. तिनं शेजारी सांगितलंही.

अशाच एका काकड आरतीला पडद्यावर आपोआप खिडकी उघडली. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ३००हून जास्त व्हायरस आहेत!' खाली भराभरा नावं सरकत होती, लाल अक्षरांत. हा त्या काळातला नामांकित भामटा, 'अँटिव्हायरस २००९'. स्वतःच घुसायचं, स्वतःच बोंब मारायची आणि बंदोबस्ताचे पैसे मागायचे. रात्री अडीचला एकट्या माणसाला हे कळत नाही. मी घाबरून 'होय, साफ करा' दाबलं. त्यानं क्रेडिट कार्डाचा नंबर मागितला. माझ्याकडं क्रेडिट कार्ड नव्हतं. बँकेनं दोनदा अर्ज फेटाळला होता. त्या बँकेचे उपकार मी त्या रात्री मानले.

पुढचा उमेदवार खुद्द मायक्रोसॉफ्टचा. सिक्युरिटी इसेन्शियल्स, २००९च्या सप्टेंबरअखेर बाजारात आलेलं, अगदी ताजं आणि चकटफू. ज्यानं घर बांधलं त्याचाच चौकीदार, याहून बरं काय? मी गजर लावून ते उतरवलं. बसवताना त्यानं विचारलं, आधी तुमची विंडोज अस्सल आहे का ते पाहतो. म्हणजे चौकीदार फुकट, पण आधी घराचा उतारा दाखवा! आमचा कॉम्प्युटर पोवई नाक्यावरच्या एका होतकरू तरुणानं सुटे भाग जोडून दिला होता, आणि विंडोजची सीडी त्यानं खिशातून काढली होती, तिच्यावर स्केचपेननं 'एक्सपी + गाणी' असं लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तपासणी झाली. चौकीदार निघून गेला, पण जाताना तलाठ्याला सांगून गेला असावा, कारण दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यात चांदणी दिसायला लागली: 'तुम्ही बनावट सॉफ्टवेअरचे बळी असू शकता.' बळी हा शब्द मला आवडला. त्यात दोष दिलेला नाही.

पिंट्यानं सीडीचा विषय वाढवला नाही. त्याचाही कॉम्प्युटर त्याच तरुणानं जोडलेला होता.

यानंतर माझ्या हातून जी चूक झाली ती अतिशहाण्या माणसाचीच असते. फुकटात एक मिळतंय तर दोन का नको? मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे अँटिव्हायरस एकाच रात्री बसवले. कंपन्यांची नावं राहू देत, चूक त्यांची नव्हती. झालं असं, की पहिल्यानं एखादी फाइल तपासायला उघडली की दुसऱ्याला संशय यायचा, हा कुठं हात घालतोय? तो तीच फाइल उघडायचा. ते पाहून पहिला पुन्हा उघडायचा. एका लग्नात दोन भटजी आल्यासारखं, मंगलाष्टकं काही संपेनात आणि अक्षता हातातच. ५१२ एमबीच्या रॅमनं मान टाकली. माउसचा बाण पडद्यावर एका जागी उभा राहिला तो सकाळी आठपर्यंत. काढून टाकायला गेलो तर एकजण जाता जाईना. त्याला घालवायला त्याच्याच कंपनीनं वेगळा प्रोग्रॅम काढला होता. तोही फुकट.

शेवटी निवड झाली ती प्रागच्या ॲव्हास्टची. पिंट्यानं त्याची तांत्रिक कारणं सांगितली. माझं कारण वेगळं होतं. शोधता शोधता मला कळलं की १९८८ साली, कम्युनिस्ट राजवटीतल्या चेकोस्लोव्हाकियात, दोन जणांनी ही चूल मांडली ती चक्क सहकारी संस्था म्हणून. सहकार! ज्या जिल्ह्यात साखर, दूध, सूत आणि पतपेढी, सगळं सहकारी, तिथल्या माणसाला आणखी काय सांगायचं? दरवर्षी फक्त नोंदणी नव्यानं करायची, पैसे नाहीत. मी जवळजवळ सभासदच झालो.

जाता जाता, व्हायरसवालेही पूर्वी सभ्य होते. पीसीचा पहिला मोठा व्हायरस समजतात तो 'ब्रेन', १९८६चा, लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला. त्यात त्यांनी आपली नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता. निमंत्रणपत्रिकेत 'आपले कृपाभिलाषी' असतात तसे. आमच्या चिऊ फायनलमध्ये शिरलेला मात्र निनावी होता.

ॲव्हास्ट बोलायचं. रोज ताजी माहिती उतरवून झाली की एक बाई इंग्रजीत सांगायची, व्हायरसचा साठा अद्ययावत झाला आहे. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा आई भाजी निवडत होती. तिनं आतून विचारलं, "कोण आलंय रे?" मी म्हणालो, "कॉम्प्युटरमधली बाई आहे." आईनं त्यावर फारसा विचार केला नाही, पण तेव्हापासून रोज तो आवाज झाला की ती "बरं बरं" म्हणायची. एक दिवस नेट बंद होतं, तर संध्याकाळी विचारते, "आज ती बोलली नाही ती?"

तुळशीचं लग्न झालं आणि पहिलं स्थळ आलं. मुलगा हिंजवडीला कॉम्प्युटर इंजिनिअर. मध्यस्थांनी महिन्यापूर्वीच आमच्याकडून बायोडाटा नेला होता, आणि कागदावर फोटो काळे येतात म्हणून पेन ड्राइव्हवरच द्या म्हणाले होते. म्हणजे झेरॉक्सच्या दुकानानंतर, पण पिंट्याच्या रविवारच्या आधी. ही तारीख मला त्या दिवशी आठवली असती तर पुढचं टळलं असतं.

पाहुणे आले, पाणी झालं, पाऊस-पाण्याचं बोलून झालं. मुलाचे वडील म्हणाले, "फ्लॅटचं फोटू आणल्यात, बघता का?" आणि त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. सगळे माझ्या खोलीत आले. दादा खुर्चीवर, पाहुणे कॉटवर, मुलगा दाराशी. मी पेन ड्राइव्ह जोडला.

भोंगा झाला. खराखुरा, गिरणीसारखा. पाठोपाठ ती बाई खणखणीत इंग्रजीत ओरडली, सावधान, व्हायरस सापडला आहे! आतून आई म्हणाली, "बरं बरं."

पाहुणे उठून उभे राहिले. "कोण बोललं?"

दादानं माझ्याकडं पाहिलं. मनातून मला गुदगुल्या होत होत्या. कॉम्प्युटर इंजिनिअरच्या घरचा पेन ड्राइव्ह आणि त्यात व्हायरस! देण्याघेण्याच्या बैठकीत हा मुद्दा कुठं वापरता येईल, याचा मी हिशेबही सुरू केला. तेवढ्यात मुलगा दारातून पुढं आला, पडद्याकडं वाकून पाहिलं आणि लाल खिडकीतलं फाइलचं नाव मोठ्यानं वाचलं.

"चिऊ फायनल फायनल २ डॉट ईएक्सई."

खोलीत शांतता पसरली. नेमकी त्याच वेळी पोह्यांचा ट्रे घेऊन चिऊ दारात आली होती. तिला घराबाहेर कुणीही चिऊ म्हणत नाही. बायोडाटावर चांगलं चार अक्षरी नाव होतं. मुलानं मागं वळून पाहिलं.

"चिऊ म्हणजे तुम्हीच का?"

तिनं ट्रे माझ्या हातात दिला आणि माझ्याकडं असं पाहिलं, की त्यापुढं कॅस्परस्कीचं डुक्कर परवडलं. खिडकी अजून पडद्यावर होती, आता काय करू, म्हणून विचारत. मी घाईघाईनं माउस 'डिलीट'कडं नेला. मागं वहिनी कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कळलं नाही. इंग्रजी त्यांना फार येत नाही, पण तेवढा एक शब्द मोबाइलमुळं पाठ होता.

"अहो भावजी, पोरीच्या नावावर डिलीट काय करताय? शुभकार्याला बसलोय!"

दुसरा पर्याय होता पेटाऱ्यात टाकण्याचा. ॲव्हास्ट सापडलेला व्हायरस मारायचा नसेल तर बंद पेटीत ठेवायचं. मी ते बटण दाबलं. पुढं ते स्थळ जुळलं आणि रुखवत बरंच झालं, पण चिऊच्या नावानं पेटाऱ्यात पडलेली पहिली वस्तू ती.